चालीचं माहेर

पॅरालिसिसचा झटका आल्यावर माणसाचं बोलणं जातं, पण गाणं जाईलच असं नाही. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला हे मी वाचलं होतं आणि परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलंही होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं आणि शब्द घशाशी येऊन अडकतात. माणूस साधा 'चहा' मागायला जातो आणि दोन मिनिटं 'च… च…' करत राहतो. पण लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं लागलं, तर शब्दांसकट सबंध कडवं बाहेर येऊ शकतं. पुस्तकात वाचलेलं समोर घडलेलं पाहायला मला वीस वर्षं लागली, तेही इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला टेकलेल्या हेरिफर्डशायरमध्ये, एका शेतघराच्या स्वयंपाकघरात.

माझं काम घरोघर जायचं. गाडीच्या डिकीत रबरी पट्टे, लाकडी खुंट्यांची पाटी आणि हिरव्या मातीसारखा गोळा. ज्या आजोबांविषयी सांगते आहे ते तेव्हा नव्वदीला टेकलेले होते. उजव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती, पण त्यांना कामाची अक्कल राहिली नव्हती. खुंट्यांची पाटी मी पुढे ठेवली की ते माझ्याकडे असं बघत, जसं आपण कुणी वयाला न शोभेल असं खेळणं हातात दिल्यावर बघू. तीन आठवड्यांत एकही खुंटी धड बसली नव्हती.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. आजी ओट्यापाशी नाताळच्या तयारीत. इथे ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढाले कोबीचे गड्डे, दांड्यासकटही मिळतात. हातभर लांब, जाड काठी आणि तिला चहूबाजूंनी लगडलेले गड्डे. आजींनी तो दांडा आजोबांच्या मांडीवर आडवा टाकला, पायाशी परात ठेवली, "बसलाच आहेस तर एवढं कर" म्हणाल्या आणि भट्टीकडे वळल्या. आजोबांनी डाव्या हाताने दांडा धरला. उजवा हात आपसूक वर आला. अंगठा आणि दोन बोटं गड्ड्याच्या बुडाशी गेली, एक हिसका, आणि गड्डा परातीत. मग दुसरा. चौथ्या-पाचव्याला हाताला लय सापडली, आणि त्या लयीवर ते गायला लागले.

शब्द माझ्या ओळखीचे होते. रात्री मेंढ्या राखत बसलेल्या मेंढपाळांना देवदूत दिसतो, ते कॅरल, म्हणजे नाताळचं गीत. इथे डिसेंबर लागला की दुकानात, लिफ्टमध्ये, शाळेच्या गॅदरिंगला, सगळीकडे ते वाजतं. पण चाल? ती मी कधीच ऐकली नव्हती. नेहमीची चाल शहाण्या मुलासारखी सरळ चालत जाते. ही शेवटच्या ओळीशी येऊन थबकली, ती ओळ परत घेतली, पुन्हा परत घेतली, आणि प्रत्येक वेळी एकेक पायरी वर. मधे आजोबा क्षणभर थांबत, जणू दुसरं कुणी तेवढी ओळ म्हणून घेतंय, आणि मग स्वतः शिरत. जो माणूस सकाळपासून बायकोचं नाव उच्चारू शकला नव्हता, त्याने अख्खं कडवं म्हटलं.

मी काय केलं असेन? खिशातून मोबाइल काढला.

त्यांनी तो पाहिला. हात थांबला. गाणंही थांबलं. मी "प्लीज, पुन्हा एकदा" म्हणाले, आजीही म्हणाल्या. आजोबांनी तोंड उघडलं, पण नुसतं 'व्ह… व्ह…' येत राहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण हा अपराध माझ्या हातून पहिल्यांदा घडत नव्हता.

पहिल्यांदा घडला तो वाईजवळच्या आमच्या गावी, २०११ साली. इंग्लंडला येऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि परदेशी गेलेल्या माणसाला होतो तसा, आपलं सगळं जपून ठेवायचा रोग मला झाला होता. छोटा रेकॉर्डर विकत घेऊन मी जिजीकडे गेले. जिजी म्हणजे वडिलांची आई. तिला ओव्या किती येत होत्या हे कुणी मोजलं नव्हतं. आई सांगायची, पायलीभर दळण सरायचं पण जिजीची ओवी सरायची नाही. मी तिला सोप्यात खुर्चीवर बसवलं, बटण दाबलं आणि म्हटलं, "जिजी, म्हण." ती हसली. "काय म्हनू? अशी कुटं ओवी म्हनत्यात का, खुर्चीत बसून? मानूस मेल्यावानी." दोन ओळी म्हटल्या, तिसरीला अडली. "न्हाई गं येत आता. गिरन आली तवा गेली समदी."

जातं होतं, पण त्याची वरची तळी परसात न्हाणीच्या पायरीला लावलेली. चुलतभावाने ती पहारीने उचकटली, धुतली, खालच्या तळीवर ठेवली, खुंटा म्हणून कुदळीच्या दांड्याचा तुकडा ठोकला. जिजी पाय पसरून बसली. जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळ्याची वैरण घातली. दोन फेरे नुसते घरघरले, तिसऱ्या फेऱ्याला तिने मान किंचित कलती केली आणि आवाज लावला. पहिली ओवी देवाला, दुसरी जात्याला, तिसरी भावाला. आणि मग एक ओवी आली ती माझ्यावर. तिथल्या तिथे जुळवलेली:

"दूरदेशी दिली नात, बाई नदरंच्या गं पल्याड…"

तेवढ्यात मी पाहिलं, रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला नाही. "थांब थांब जिजी, एक मिनिट!" मी ओरडले.

जातं थांबलं. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला, "हां, आता म्हण" म्हटलं. जिजीने पहिली ओळ पुन्हा म्हटली. दुसरी आलीच नाही. तिने डोकं खाजवलं, फेरा दिला, परत म्हटलं, परत अडली. "गेली बग. तू मदीच वरडलीस न्हवं." आणि खो खो हसली. तिला त्याचं काही नव्हतं, अशा ओव्या तिला रोज येऊन गेल्या होत्या. पुढे दोन वर्षांनी ती गेली. 'पल्याड'ला जुळणारे शब्द मी अजून शोधत असते. कड्याड, आल्याड, गाड… पण माझं जुळवलेलं जिजीचं कसं होणार?

'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण कामाची सवय, अंगवळणी पडणं अशा अर्थाने सहज वापरतो. ती अक्षरशः खरी आहे हे मला दोनदा शिकावं लागलं, एकदा जोंधळ्याच्या वैरणीपुढे आणि एकदा कोबीच्या दांड्यापुढे.

आजोबांच्या हाताला तो हिसका कुठून आला, ते आजींनी सांगितलं. हॉप्स. बिअरला कडवटपणा आणणारी ही फुलं हेरिफर्डशायरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पिकतात. उंच तारांवर चढवलेले वेल, सप्टेंबरात ते ओढून खाली पाडायचे आणि फुलं खुडायची. त्या शेताला इथे 'हॉपयार्ड' म्हणतात. यंत्रं यायच्या आधी दर सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या बाजूच्या कारखान्यांच्या गावांतून आणि वेल्सच्या खाणींच्या दऱ्यांतून बायका-पोरं बिऱ्हाडं घेऊन यायची. जिप्सी आपल्या गाड्या घेऊन यायचे. आणि गावचे लोक असायचेच. लाकडी चौकटीला गोणपाट लावलेली 'क्रिब' असे, तिच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, वेल आडवा टाकलेला, आणि बोटं चालू. मापाने पैसे. संध्याकाळी हात काळे आणि इतके कडू, की भाकरी (त्यांचा पाव) कडू लागे. आजोबांनी पाच वर्षांचे असल्यापासून आईच्या क्रिबशी उभं राहून खुडणी केली होती, आणि क्रिबशी बायका गात असत. सप्टेंबरात नाताळची गाणी? मी विचारलं. आजी म्हणाल्या, "हात चालू असले की जे येईल ते. ती चाल त्याच्या आईकडची आहे."

घरी येऊन मी ती चाल शोधायला बसले, आणि मग जे सापडत गेलं त्यात नाताळ कधी उलटला ते कळलंच नाही.

ते मेंढपाळांचं गीत १७०० साली छापलेलं, नेहम टेटचं. अठराव्या शतकात बराच काळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये नाताळला म्हणायला मान्यता असलेलं जवळपास तेवढं एकच गीत होतं. गीत एक आणि गावं हजारो. त्याचं वृत्त म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळी. आपल्या अभंगासारखं, कुठल्याही चालीत जाऊन बसणारं. त्यामुळे गावोगावच्या हौशी मंडळींनी चाली बांधल्या. चांभार, विणकर, लोहार, ज्याला सूर कळतो तो. चर्चच्या पश्चिमेकडच्या सज्जात ही मंडळी व्हायोलिन, चेलो आणि 'बासून' नावाचं फुंकायचं वाद्य घेऊन बसत आणि रविवारी दणकून गात. एक आवाज ओळ उचले, दुसरा मागून येई, तिसरा त्याच्या मागून. आजोबा मधे जे थांबत होते ते ह्यासाठी. त्यांच्या आईच्या घरी इतर आवाज असणार. आजोबा अजूनही त्या आवाजांना जागा करून देत होते.

एकोणिसाव्या शतकात पाद्र्यांना हा गोंगाट नकोसा झाला. सज्जातली वाद्यं गेली, ऑर्गन आणि हार्मोनियम आली, सगळीकडे एकच पुस्तक आणि एकच नेमस्त चाल. ज्यांची गाणी गेली ती मंडळी गाणी घेऊन पबमध्ये जाऊन बसली. शेफील्डच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरच्या गावांत ती अजून बसलेली आहेत. ११ नोव्हेंबरनंतरच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दर रविवारी दुपारी, हातात ग्लास घेऊन लोक खच्चून कॅरल्स म्हणतात, आणि त्या एका मेंढपाळ गीताच्या कितीतरी चाली तिथे चालतात. एका वर्षी मी गेले होते. दाराबाहेर उभं राहून ऐकावं लागलं, आत शिरायला जागा नव्हती. एका बाईने मला दाराच्या फटीतून आत ओढलं, म्हणाली, "बाहेर उभं राहून हे ऐकायचं नसतं." मला सुरुवातीला वाटलं, बाहेर थंडी आहे म्हणून म्हणतेय.

पण आमच्या हेरिफर्डशायरमध्ये पबमधल्या गाण्यांची अशी परंपरा राहिली नाही. इथलं जे राहिलं ते बऱ्याच अंशी एका बाईमुळे. तिचं नाव एला मेरी लेदर.

खरं सांगते, ह्या बाईचं नाव दहा-अकरा वर्षं ह्या जिल्ह्यात राहूनही मी ऐकलेलं नव्हतं. रॅल्फ व्हॉन विल्यम्स मात्र माहीत होते. (रॅल्फ लिहायचं आणि 'रेफ' म्हणायचं, हे इथे आल्यावर एकदा चारचौघांत हसं करून घेऊन शिकले.) इंग्लंडचे मोठे संगीतकार, आठशेहून अधिक लोकगीतं त्यांनी स्वतः गावोगाव फिरून उतरवली. पण गावोगाव फिरणाऱ्या मोठ्या माणसाला गावात कुणीतरी लागतं. कुणाच्या दारात जायचं, कोणत्या म्हाताऱ्याचा गळा अजून शाबूत आहे, कोण पाद्र्यासमोर गाणार नाही, हे सांगणारं कुणीतरी.

एला लेदर १८७४ साली डिल्विन नावाच्या गावच्या शेतकरी घरात जन्मली आणि एकोणिसाव्या वर्षी शेजारच्या वेब्लीच्या वकिलाशी लग्न करून तिथे नांदायला गेली. वेब्ली म्हणजे काळ्या लाकडी तुळया आणि पांढऱ्या भिंतींच्या घरांचं गाव. आज लोक फोटो काढायला येतात. तिच्या वेळी तिथे 'वर्कहाउस' होतं, म्हणजे ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि कंगालांना ठेवायची सरकारी जागा. त्या काळी घराणेदार माणसं त्या जागेचं नाव काढलं तरी तोंड फिरवत. वकीलसाहेबांची बायको तिथे जाऊन म्हाताऱ्यांपाशी बसे आणि त्यांना आठवेल ते सांगू देई. गाणी, भुतं, बाळाच्या जन्माच्या रूढी, मधमाश्यांना घरातल्या मरणाची बातमी सांगायची प्रथा. १९१२ साली हेरिफर्डशायरच्या लोकसाहित्यावर तिचं जाडजूड पुस्तक निघालं. ते मी इथल्या ग्रंथालयात बसून वाचलं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट डोळ्यांत भरली: गाण्याशेजारी, समजुतीशेजारी सांगणाऱ्याचं नाव आहे, गाव आहे, कित्येकदा वय आणि साल आहे. वर्कहाउसमधला म्हातारा असो की हॉप्स खुडणारी जिप्सी बाई, नाव पुरतं लिहिलेलं.

तिला एक गोष्ट येत नव्हती. शब्द ती भराभर उतरवी, पण सूर कागदावर मांडणं तिला जमत नसे. मग तिने फोनोग्राफ आणला, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारा, कर्ण्याचा. नळकांडी संगीतकारांकडे जात आणि ते ऐकून सूर मांडत. व्हॉन विल्यम्स ह्या वाटेनेच तिच्यापर्यंत आले. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. म्हणजे यंत्र तिच्याकडेही होतं. मग तिच्यापुढे लोक का गात होते आणि माझ्यापुढे का अडतात? मोबाइलचा दोष नाही तर. मी यंत्र काढलं तेव्हा गाणं सुरू झालेलं होतं, आणि मी त्यातून उठून बाहेर गेले. जिजीच्या वेळी तर मी लाल दिव्यालाच ऐकत होते.

तिच्या संग्रहातल्या एका कॅरलची कथा मी कितीतरी जणांना सांगितली आहे. हे कॅरल छापलं गेलं १९०५ मध्ये, हेरिफर्डशायरच्या एका म्हाताऱ्याच्या आठवणीतून. लेदरबाईच्या पुस्तकातही ते आहे. बाळ येशू आईला विचारतो, चेंडू खेळायला जाऊ? मेरी म्हणते जा, पण खोड्या काढू नकोस. रस्त्यात तीन श्रीमंतांची पोरं भेटतात. "आम्ही महालात जन्मलेलो. तू कोण? गरीब बाईचा पोर, बैलाच्या गोठ्यात जन्मलेला." हा काय करतो? उन्हाच्या तिरिपांचा पूल बांधतो आणि त्यावरून पाण्यापलीकडे चालत जातो. ती तिघं मागे धावतात. ऊन काही त्यांना पेलत नाही. तिघंही बुडतात. मग त्या आया मेरीच्या दाराशी: "तुझ्या पोराला घरात घे, आमची गेली!" आणि मेरी, चित्रातली ती निळ्या पदराची शांत मेरी, पोराला मांडीवर उपडं टाकते आणि वाळुंजीच्या (विलोच्या) फोकांनी तीन सणसणीत फटके देते. पोर रडतं आणि झाडाला शाप देतं: कडू वाळुंजी, तू आतून कुजशील, सगळ्या झाडांच्या आधी. आणि खरंच, इथल्या ओढ्याकाठची जुनी विलो झाडं आतून पोकळ झालेली असतात, माणूस उभा राहील इतकी.

मी हे वाचलं आणि मला थेट यशोदा दिसली. गवळणी तक्रारी घेऊन दारात, हातात दावं, आणि उखळाला बांधलेलं ते पोर. चेंडू तोच, पाणी तेच. देवाला फटका मारायची हिंमत आयाच करतात, आणि आयांची गाणी गाणाऱ्याच ती लक्षात ठेवतात. कोणत्या चर्चच्या पुस्तकात हे गाणं आलं असतं? तीन पोरं बुडवणारा बाळ येशू पाद्र्याला परवडणारा नव्हता. तो वर्कहाउसात आणि हॉपयार्डातच राहू शकत होता.

दुसरं एक जिप्सींकडून मिळालेलं. नाताळच्या दिवशी नांगर धरणारा शेतकरी, त्याला येशू विचारतो, आज का राबतोस? तो म्हणतो, गरज आहे. आणि पुढे जमीन दुभंगते, त्याला गिळते. आमच्या गावी पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवलं तर काय होईल ते जिजी अशाच थाटात सांगायची.

बैलांचा विषय निघाला म्हणून. नाताळनंतरच्या बाराव्या रात्री, जानेवारीच्या ५ तारखेला, हेरिफर्डशायरचे शेतकरी पूर्वी गव्हाच्या शेतात तेरा जाळ पेटवत, बारा छोटे, एक मोठा. सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, घोट घेत, ओरडत. मग गोठ्यात जाऊन, मधे भोक असलेला मोठा केक पहिल्या बैलाच्या शिंगात अडकवत, बैलाच्या नावाने गाणं म्हणत, आणि त्याला डिवचत. त्याने मान झटकली की केक उडे. पुढे पडला तर कारभाऱ्याचा, मागे पडला तर मालकिणीचा. हे मी वाचलं त्या रात्री मला आमच्याकडची वसुबारस आठवली. संध्याकाळी गुराख्यांची पोरं पेटता काकडा घेऊन दारोदार यायची, 'दिन दिन दिवाळी' म्हणत, गाई-म्हशी कुणाच्या विचारत आणि खोबऱ्याची वाटी मागत. त्यातला एक माझा सख्खा चुलता होता आणि खोबरं न देणाऱ्या घराच्या नावाने जी ओळ तो जोडायचा ती इथे लिहिता येणार नाही. जगभर थंडीत पोरं दारोदार का गातात ह्याचं विद्वानांचं उत्तर काहीही असो, पोरांचं उत्तर खोबरं आहे.

लेदरबाई आणि व्हॉन विल्यम्स यांना एक कॅरल १९०९ साली किंग्ज पायन ह्या गावी मिळालं, जेंकिन्स नावाच्या माणसाकडून. आदम-हव्वेपासून सुरू होणारं, उदास, जुन्या धाटणीच्या सुरांचं. तीन वर्षांनी, १२ सप्टेंबर १९१२ रोजी, हेरिफर्डच्या कथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, व्हॉन विल्यम्स यांची नाताळच्या कॅरल्सवर रचलेली मोठी संगीतरचना पहिल्यांदा सादर झाली. वाद्यवृंद, शेकडो गळे, आणि सुरुवात कशाने? एकटा चेलो, मग एकटा पुरुषी आवाज, आणि जेंकिन्सचं ते गाणं. आज ते 'हेरिफर्डशायर कॅरल' म्हणून जगभरची गायकवृंद मंडळी गातात. मी ते त्याच कथीड्रलमध्ये ऐकलं आहे. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या गृहस्थांना मी मध्यंतरात विचारलं, किंग्ज पायन कुठे आलं हो? गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवरचं गाव. त्यांना माहीत नव्हतं.

त्याच सप्टेंबरातली एक संध्याकाळ मला त्या मैफलीहून जास्त मोलाची वाटते. मंकलंड गावाजवळ हॉप्स खुडायला आलेल्या जिप्सींचा तळ पडला होता. लेदरबाई व्हॉन विल्यम्स आणि त्यांच्या पत्नीला घेऊन तिथे गेली. थंडी होती, शेकोट्या पेटलेल्या. आल्फ्रेड प्राइस जोन्स नावाच्या माणसाने तिथे एक गाणं म्हटलं, कॅरल नव्हे, मेलेल्या प्रेयसीच्या थडग्याशी बसून तिच्याशी बोलणाऱ्याचं. चाल व्हॉन विल्यम्स यांनी उतरवून घेतली. पण तिथवर ते पोचले कसे? जिप्सींच्या तळावर रात्री कुणी उपटसुंभ गेला असता तर कुत्री सोडली असती. ही बाई वर्षानुवर्षं त्या माणसांकडे जात होती, म्हणून शेकोटीशी जागा झाली. १९२० साली दोघांच्या नावावर हेरिफर्डशायरची बारा कॅरल्स छापली गेली. १९२८ मध्ये ती वारली. संगीतकार तिच्यानंतर तीस वर्षं जगले, मोठे झाले. त्यात त्यांची चूक नाही, पण माझं मन लेदरबाईकडे झुकतं आणि मी ते लपवत नाही.

आपल्याकडेही असं बसणारी माणसं झाली. साने गुरुजींनी आयाबायांच्या ओव्या वेचल्या. पुण्याला गी पॉइतवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणारीच्या नावागावासकट. आमच्या वाईच्या खोऱ्यातल्या बायका त्यात असतील, जिजी नाही. तिच्या दारात कुणी आलं नाही, आणि जी आली ती मधेच ओरडली.

तर पुन्हा त्या स्वयंपाकघरात. जानेवारीत आजोबांकडे माझी शेवटून दुसरी खेप होती. स्प्राउट्सचा हंगाम सरत आलेला, पण आजींनी कुठून तरी एक दांडा पैदा केला होता. मी मोबाइल गाडीत ठेवला. परातीच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून बसले, आणि दांड्याचं खालचं टोक माझ्याकडे ओढून मीही खुडायला लागले. माझा हिसका बरोबर बसत नव्हता, देठ अर्धा तुटून राहत होता. आजोबांनी माझ्या बोटांवर टिचकी मारली आणि अंगठा कसा ठेवायचा ते करून दाखवलं. उजव्या हाताने. तीन आठवडे जे लाकडी पाटीवर झालं नव्हतं ते.

गाणं आलं. शेवटच्या ओळीशी ते थांबले तेव्हा आजींनी ओट्यापासून ती उचलली, पाठ आमच्याकडे ठेवून. त्यांना ती येत होती तर! सासूकडून शिकलेली असणार. मी फक्त खुडत राहिले. दुसऱ्या फेरीला मधली जागा मी गुणगुणून भरली, बेसूर, पण कुणी काही म्हटलं नाही.

दांडा रिकामा झाल्यावर हात पुसून मी व्यायामाच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: आजोबांचं नाव, वय, तारीख, आणि 'स्प्राउट्स खुडताना'. चाल मला मांडता येत नाही, म्हणून ओळ कुठे चढते तिथे नुसते बाण काढले. गाव म्हणून त्या घराचं गाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला. मान हलवली. नाही. गावाच्या नावावर बोट आपटलं. "नो. म… म…"

"मदर्स," आजी म्हणाल्या. "त्याच्या आईचं गाव."

म्हणजे माहेर. ते नाव आजोबांना उच्चारता येईना, आणि आजींना नक्की आठवेना. कुठल्याशा मळ्यावरची घरं होती, आता नाहीत, म्हणाल्या. मी गाडीतून जिल्ह्याचा मोठा नकाशा आणला, खेपांसाठी ठेवलेला, घड्यांवर फाटलेला. टेबलावर पसरला. आजोबांचं बोट वेब्लीच्या वरून निघालं, ओढ्याच्या निळ्या रेषेने खाली आलं, एका पुलाशी थांबलं, पुन्हा निघालं आणि दोन शेतांच्या मधे टेकलं. तिथे काही छापलेलं नव्हतं. मी पेन्सिल दिली. ती त्यांनी उजव्या हातात धरली, मुठीत धरतात तशी, आणि एक टिंब केलं. जरा जोरात झालं. कागदाला भोक पडलं.